कोकणातल्या घरी लहान कुत्र्यांना साप-विंचवांपासून कसं जपावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ गावच्या घरी राहायला आलात, बरोबर चार किलोची पामेरियन आणि सहा किलोचा डॅशुंड आहे, आणि पावसाळ्याआधी घरात कोणतं इंजेक्शन आणून ठेवावं?

कोणतंच नको. सर्पविषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. ते शिरेतून द्यावं लागतं, आणि देताना जोरदार रिअॅक्शन आली तर ती आवरायला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी लागतं. पडवीत बसून करायचं हे काम नव्हे. त्याऐवजी आजच जवळच्या दोन-तीन पशुवैद्यांना फोन करा आणि विचारा, ‘पॉलिव्हॅलंट अँटिव्हेनम (चार मुख्य विषारी सापांवर चालणारं हेच औषध) आत्ता तुमच्याकडे आहे का? रात्री दहानंतर दार उघडाल का?’ औषध महाग, मुदत संपली की फुकट जातं, त्यामुळे बरेच जण ठेवत नाहीत. माणसांसाठीचंच औषध कुत्र्यांनाही देतात, म्हणून डॉक्टर तयार असतील तर केमिस्टाकडून चार-सहा कुप्या मागवून त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवून घ्या. 1962 वर फोन केल्यास सरकारी पशुवैद्यकाची गाडी येऊ शकते, पण रात्रीच्या दंशाला त्या भरवशावर राहू नका.

लहान कुत्र्याचं गणित वाईट असतं. सापाने सोडलेलं विष तेवढंच, पण चार किलोच्या कुत्र्याच्या अंगात रक्त जेमतेम साडेतीनशे मिली. शिवाय कुत्रं जग नाकाने बघतं, म्हणून दंश बहुधा नाकाड, ओठ किंवा पुढच्या पायावर होतो. तेव्हा बंदोबस्त नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर, करायचा.

तुमच्या भागात सगळ्यात आधी फुरशाचा विचार करा. सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) आणि कलमांच्या बागांत हा छोटा विषारी साप भरपूर. लांबी फूट-सव्वाफूट, जांभ्याच्या चिऱ्यांखाली, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत किंवा पातेऱ्यात (गळलेल्या पानांत) वेटोळं करून बसतं. पावलं वाजवली की साप पळतो हा भरवसा फुरसं आणि घोणस यांच्या बाबतीत ठेवू नये. रंग मातीत मिसळतो, म्हणून ते जागचे हलत नाहीत. उलट फुरसं अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतं, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, आणि आवाज कुठून येतो ते बघायला डॅशुंड आधी जातो. बिळात शिरण्यासाठीच ही जात तयार केलेली आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. संध्याकाळनंतर दीड मीटरच्या साध्या पट्ट्यावरच बाहेर काढा. गुंडाळणारा लांब पट्टा नको, कारण कुत्रं पाच मीटर पुढे आणि बॅटरीचा झोत तुमच्या पायाशी राहतो. झोत कुत्र्याच्या नाकापुढे पाहिजे.

आता खळं (पुढचं अंगण) आणि मागीलदार. घराभोवती निदान तीन मीटर पट्टा उघडा ठेवा: गवत नाही, पातेरा नाही, सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्यांचे ढीग नाहीत. लाकडं फूटभर उंच मांडणीवर रचा. गडग्याच्या भोकांत सिमेंट-वाळूचा गिलावा भरा, पण दिवसा, नीट बघून, नाहीतर आतला साप आतच राहतो. आणि कुत्र्याच्या जेवणाचं भांडं तिन्हीसांजेला उचला. हे सांगितलं की लोक हसतात, पण रात्रभर उघड्या भातावर उंदीर येतात आणि उंदरामागे घोणस नि नाग.

जाळी लावायची असेल तर पाव इंची वेल्डमेश घ्या. फुरशाचं पिल्लू पेन्सिलीपेक्षा बारीक असतं, अर्ध्या इंचातून सहज येतं. कोंबड्यांची षटकोनी जाळी किंवा नायलॉनचं जाळं तर मुळीच नको: त्यात साप अर्धा अडकतो, चिडतो आणि तिथेच तुमच्या कुत्र्याला भेटतो. उंची तीन फूट, खाली अर्धा-एक फूट गाडलेली, वरची कड बाहेरच्या बाजूला झुकवलेली. सगळं अंगण जमणार नसेल तर कुत्र्यांसाठी एक कोपरा तरी असा करा. फाटकाखालची फट आणि मोरीचं भोक विसरलात तर बाकी खर्च पाण्यात.

झोपायची जागा जमिनीवर नको. मण्यार रात्री फिरतो, घरात येतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते; सकाळी कुत्रं लुळं पडलेलं दिसतं. बारीक जाळीच्या दाराचा लाकडी खोका फूटभर उंचीवर ठेवला की काम भागतं. रात्री घरातली बुटं, पोती आणि कुत्र्याचं अंथरूण विंचवासाठी झटकून बघा. अतिनील टॉर्च मिळाली तर उत्तमच. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो.

कार्बोलिक ॲसिड, डांबरगोळ्या, लसूण, ‘साप पळवणारी पावडर’ यांतल्या कशानेही साप थांबत नाही. पहिल्या दोन गोष्टी मात्र कुत्र्याने पायावरून चाटल्या तर त्यालाच विषबाधा होते.

एवढं करूनही दंश झालाच, तर वेळ बघा, गळपट्टा काढा (तोंड सुजलं की तोच फास होतो), कुत्र्याला उचलून घ्या आणि निघा. चालवू नका. आवळून बांधणं, ब्लेडने चिरणं, चोखणं, बर्फ, हळद यांत वेळ जातो आणि जखम बिघडते. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. फुरसं-घोणशीच्या विषाने रक्त गोठणं आधीच बंद पडलेलं असतं, त्यात हीच औषधं रक्तस्राव वाढवतात. सापाला मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर औषध एकच. घाटाकडच्या हिरव्या चापड्यावर (झाडावरच्या विषारी सापावर) मात्र ते चालत नाही, म्हणून लांबून फोटो निघत असेल तरच काढा.

दवाखान्यात तीन गोष्टी बोला. एक, डोस वजनावर ठरत नाही, विषावर ठरतो; चार किलोच्या कुत्र्यालाही एकापेक्षा जास्त कुप्या लागू शकतात. दोन, सलाईन मात्र वजनावरच. माणसासारखी अर्धा लिटरची बाटली भराभर लावली तर ते त्याच्या एकूण रक्तापेक्षाही जास्त होतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तीन, प्रयोगशाळा नसली तरी वीस मिनिटांची चाचणी होते: दोन मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घालून न हलवता ठेवायचं, वीस मिनिटांनी नळी कलती केल्यावर ते पातळच असेल तर विष अजून काम करतंय. ही चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो.

पापण्या उतरणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, मागचे पाय लटपटणं ही नाग-मण्यारची खूण. नागाच्या दंशात निओस्टिग्मीन-ॲट्रोपिन या इंजेक्शनांनी फरक पडतो. मण्यारच्या विषाने एकदा श्वास थांबला की अँटिव्हेनमही तो लगेच परत आणत नाही, कृत्रिम श्वासच द्यावा लागतो. म्हणून लक्षणं नसली तरी 24 तास नजरेखाली ठेवा. घोणशीचा दंश झाला असेल तर पुढचे तीन दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण बघा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासा. जखम बरी दिसत असताना मूत्रपिंडं बसतात.

विंचवाचं वेगळं आहे. लाल विंचवाच्या डंखाने कुत्रं लाळ गाळतं, ओकतं, पाय गार पडतात, मग धाप लागते. सर्पदंशाचं औषध इथे काही करत नाही. माणसांमध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यू खूप कमी करून दाखवले. कुत्र्याला ते द्यायचं की नाही, किती, हे पशुवैद्यानेच ठरवायचं. मोठी काळी इंगळी (विंचवाचीच जात) जास्त दुखवते, मारते क्वचितच.

मधमाशीचा काटा सापडल्याबरोबर काढा, नखाने की चिमट्याने याला महत्त्व नाही, उशिराला आहे. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डसते. तोंड सुजणं बघायला भयानक वाटतं, तरी बहुतेकदा ते निभावतं. खरी धोक्याची खूण म्हणजे डंखानंतर अर्ध्या तासाच्या आत एकदम उलटी-जुलाब, पांढऱ्या हिरड्या आणि कोसळणं. कुत्र्यात ॲलर्जीचा मार आधी यकृत आणि आतड्यावर पडतो, कधीकधी सूज न येताच. तेव्हा गोळी शोधत बसू नका, थेट दवाखाना. साध्या सुजेसाठी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी डॉक्टरांकडून मात्रेसह आधीच लिहून घ्या, पण सर्दीच्या गोळीतलं नको. त्यात कधीकधी असणारं स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारं औषध) लहान कुत्र्याला मारू शकतं.

आणि पहिल्या पावसात भेक (खरखरीत, विषारी बेडूक) तोंडात धरलाच, फेस आला, तर मान खाली करून जबड्याच्या बाजूने नळाचं पाणी पाच-दहा मिनिटं सोडा, ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. घशात सरळ धार मारलीत तर पाणी फुप्फुसात जाईल.