व्हिडिओ बंद कर, चहाला जा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. 'मॅडम, मोटिव्हेशनच उरलं नाही' असं तू लिहिलंस. पण मी थबकले ते दुसऱ्याच ओळींपाशी. नाशिकला गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत सकाळी सातला बसतेस, शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं नाव अजून माहीत नाही, रात्री मेसचा डबा एकटी खातेस आणि मग यशस्वी अधिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत झोपतेस. हे तू जाता जाता लिहिलंस. माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

निफाडला घरच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पहाटे उठायला तुला कधी कुणाचं भाषण लागलं होतं का? काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत दिवसभर फिरायचं, यात मजा ती काय! पण पलीकडच्या ओळीत काकू असायची, थट्टामस्करी चालायची, आणि तू नसलीस तर तुझी ओळ मागे पडलेली सगळ्यांना दिसायची.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मते माणूस आपणहून कामाला भिडतो, त्यामागे तीन गरजा असतात: निर्णय आपला असावा, आपल्याला ते जमतंय असं वाटावं, आणि आपली माणसं असावीत. राज्यसेवेचा निर्णय तुझाच, तोही घरी वाद घालून घेतलेला. जमतंय हे टेस्ट सिरीजचे मार्क सांगतात. तिसऱ्या रकान्यात मात्र भोपळा आहे.

(पूर्व परीक्षा निघाली तर भाऊ स्कूटी देणार, हे वाचून हसू आलं. १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्रं काढणं कमी झालं. स्कूटी घे, पण तिच्यासाठी अभ्यास करू नकोस.)

'इथल्या मुली फाडफाड बोलतात, मी इथली नाहीच' असंही तू लिहिलंस. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. त्यांचा मथितार्थ एवढाच, की सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि हळूहळू ते ओसरतं. मग त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं. सगळा मिळून तासाभराचा खेळ. २०११ साली निष्कर्ष आले: पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत जवळपास निम्म्यावर आली. गोऱ्या विद्यार्थ्यांवर फारसा फरक दिसला नाही, कारण 'आपण इथले आहोत का' हा प्रश्न त्यांना तसा पडतच नव्हता. एक वाईट मार्क पडला की 'बघ, मी इथली नाहीच' असं मनात येणं हे त्या प्रश्नाचं काम. तुलाही तेच होतंय.

अर्थात दार खरोखरच बंद असेल तर मनाची समजूत घालून भागत नाही. काळाराम मंदिरासमोर १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तो याच गावात. तुझ्या अभ्यासिकेचं दार उघडं आहे. तू उंबऱ्यावर थांबली आहेस.

शेजारची मुलगी 'घमेंडी आहे, तिला बोलायचंच नसतं' हा तुझा निवाडा मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पंचवीस प्रयोगांतून दाखवलं, की स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याचं मन नीट ओळखता येतंच असं नाही. सरळ विचारलं की कळतं. आपल्याकडे सहानुभूतीच्या नावाखाली अंदाजच फार बांधतात. कदाचित तीही तुला घमेंडी समजत असेल!

आता ध्येयाबद्दल थोडं. 'अधिकारी व्हायचं' हे ठीक, पण ते उद्या सकाळी उठून करता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी जर-तरच्या योजना सुचवल्या: अमुक वेळ, अमुक जागा आली की अमुक करायचं, हे आधीच ठरवून टाकायचं. म्हणजे ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. सगळे ही युक्ती अभ्यासाच्या तासांसाठी वापरतात. तू ती माणसासाठी वापर. दहाला चहाची सुट्टी झाली, की खुर्चीवरून उठतानाच तिला विचारायचं, 'इकॉनॉमीला काय वाचतेस? चहाला येतेस का?' नाही म्हणाली तर तिच्यापलीकडचीला.

शनिवारी दुपारी मी सार्वजनिक वाचनालयात असते. तिला घेऊनच ये. तिची इकॉनॉमी पक्की निघाली, तर बदल्यात तू तिला पॉलिटी शिकवायची.

तुझी,
मॅडम