मूल मराठी बऱ्यापैकी वाचते, पण इंग्रजीत फार अडखळते. हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातील मूळची अडचण, असू शकतो का?

हो, असू शकतो. केवळ मराठी जमते म्हणून ती शक्यता नाकारणे मला चुकीचे वाटते. मेंदूचे संशोधक एराल्डो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी २००१ साली डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक वाचकांची तुलना केली. इटालियनमध्ये अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराचसा ठरलेला असल्यामुळे ते वाचक इतर दोन गटांपेक्षा अचूक वाचत होते. परंतु वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या शंखभागातील (कानाच्या आसपासच्या भागातील) सक्रियता तिन्ही गटांत सारखीच कमी आढळली. म्हणजे मूळ अडचण एकच, ती किती उघडी पडते हे त्या भाषेच्या लेखनपद्धतीवर अवलंबून. (इंग्रजीचे स्पेलिंग याबाबतीत विशेष निर्दय आहे.)

मराठीचा उच्चार लेखनाशी पुष्कळ जुळतो, त्यामुळे येथे चुकांपेक्षा संथपणाकडे लक्ष द्यावे. जोडाक्षरे, तसेच व्यंजनाच्या आधी लिहिली जाणारी परंतु नंतर उच्चारली जाणारी पहिली वेलांटी, येथे मूल थबकते का, हे पाहावे. दृष्टी आणि श्रवण तपासून घेतल्यावर मूल्यमापन दोन्ही भाषांत करवून घ्यावे.