बेळगावात पाण्याकाठी, मातीवर कुठं पळता येईल?

तुम्ही विचारलंय की नुकतेच वडगावात राहायला आलाय, रोज डांबरी रस्त्यावर पळून नडग्या दुखायला लागल्यात, तर पाण्याकाठची मातीची वाट कुठं मिळेल आणि ती पावसाळ्यात चालेल का. मी शहापूरची. बरीच वर्षं याच भागात पळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेळगावातली सगळ्यात चांगली पाणथळ वाट तुमच्या घरामागेच आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या सगळ्यांच्या मधलं सखल शिवार, त्यातून वाहणारा बळ्ळारी नाला, भाताचे वाफे, बांध आणि गाडीवाटा. तिथं फाटक नाही, फलक नाही, कुणी त्याला उद्यान म्हणत नाही. पण पावसाळ्यात नाला फुगला की पाणी दोन्ही अंगांना पसरतं आणि दिवसचे दिवस उभं राहतं. जुलैत एखाद्या उघडिपीला येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून बघा, गड आणि शहर यांच्या मधलं रान पाण्यानं चकाकत असतं. बेळगावच्या बासमतीचं नाव झालं ते याच काळ्या जमिनीमुळं.

आता पळण्याचं. या शिवारात पळायचा हंगाम दिवाळी ते शिमगा. भात कापून झालं की जमिनीत मुरलेल्या ओलीवरच लोक मसूर, वाटाणा, हरभरा घेतात, वेगळं पाणी द्यायची फारशी गरज पडत नाही. तीच ओल पळणाऱ्याच्या कामाला येते. गाडीवाट वरून सुकलेली असते, खाली अजून मऊ असते, टाच पडली की जमीन थोडी दबते. डिसेंबरच्या सकाळी धुकं इतकं खाली असतं की पुढच्या बांधावरचा माणूस जवळ गेल्यावरच दिसतो, आणि अंगाला गारवा असल्यामुळं दमही कमी लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, त्याचा हा फायदा. मार्चनंतर मात्र हीच काळी माती वाळून भेगाळते. भेगा पाऊल अडकेल इतक्या रुंद होतात, आणि बैलांच्या खुरांचे ठसे सिमेंटसारखे टणक झालेले असतात. त्या दिवसांत घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात शिवारात पळू नका. चिखल बुटाला चिकटून पाय जड होतात हे सोसता येईल, पण खरी कारणं वेगळी आहेत. वाफ्यात पाणी धरून ठेवायला शेतकऱ्यानं बांध हातानं लिंपलेला असतो. ओल्या बांधावर माणूस पळत गेला की कड ढासळते आणि खालच्या वाफ्यातलं रोप पाण्याखाली जातं. दुसरं, बळ्ळारी नाल्यात शहराचं सांडपाणी येतं. पुराचं पाणी म्हणजे तेच पाणी. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा ताप वेळेवर ओळखला नाही तर मूत्रपिंडावर जातो. कधी भिजलातच तर घरी येऊन साबणानं पाय धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पाण्यातून गेलो होतो हे आवर्जून सांगा. तिसरं कारण साप. पाण्यात दिसणारा दिवड बिनविषारी असतो, पण पुरानं बिळं भरली की नाग आणि घोणस कोरड्या जागी येतात, आणि तिथं कोरडी जागा म्हणजे बांधच.

मग जून ते ऑक्टोबर कुठं पळायचं? माझं उत्तर, टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. पूर्वी इथं देवीची लस तयार व्हायची, त्यावरून हे नाव. जमीन जांभ्याची, तांबडी. ती पाणी पटकन सोडते, पाऊस थांबून थोडा वेळ गेला की पळता येतं, आणि मोठ्या झाडांमुळं रिपरिप चालू असली तरी फार भिजायला होत नाही. पाणथळ नाही, पण नडगीसाठी पावसाळ्यात याहून बरी जागा शहरात मला तरी माहीत नाही. पाणीच हवं असेल तर किल्ला तलाव आहे, आपण कोटे केरे म्हणतो तो. तिथली फेरी पक्क्या वाटेची आहे. चिखल लागत नाही, 110 मीटरचा ध्वजस्तंभ लांबूनच दिसतो, संध्याकाळी गर्दी असते. हलक्या पळायला, चालायला ठीक. पण तुमची तक्रार कठीण जमिनीची आहे, तेव्हा रोजचं पळणं तिथं नको. कणबर्गीचा तलाव वडगावाहून लांब पडतो, तो सोडा.

नडगीबद्दल एक स्पष्ट बोलते. माती मऊ असली म्हणून दुखणं आपोआप जात नाही. नडग्या बहुतेक वेळा दुखतात ते पळणं एकदम वाढवल्यामुळं. हाडाला आणि त्याच्याभोवतीच्या स्नायूंना सवयीला वेळ लागतो, दम मात्र लवकर वाढतो, आणि माणूस दमाच्या भरवशावर अंतर वाढवत राहतो. शिवारातली वाट उंचसखल असते, तिथं घोटा आणि पोटरी जास्त राबतात. म्हणून पहिले दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, एक दिवस आड पळा, वेग विसरा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचा व्यायाम रोज घरी करा. आणि एक तपासा. नडगीच्या हाडावर बोटानं दाबत जा. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर विश्रांतीनं आणि कमी पळण्यानं ते सहसा उतरतं. एकाच टिंबावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं तिथल्या तिथं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडं जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि तिच्यावर पळत राहिलात तर ती वाढते.

हिवाळ्यात शिवारात उतराल तेव्हा तिथं तुमच्याआधी पक्षी आलेले असतील. ओलीच्या कडेला लांब लाल पायांचे शेकाटे, वाकड्या चोचीचे शराटी, बगळे, आणि उत्तरेकडून थंडीपुरते आलेले धोबी, शेपटी हलवत ढेकळांवरून फिरणारे. ते चरत असतात, आणि दर वेळी उडावं लागलं की खाल्लेलं उडण्यातच जातं. थंडीच्या सकाळी त्यांना हे परवडत नाही. म्हणून थवा दिसला की वेग कमी करून चालत पुढं जावं, शक्य असेल तर वळसा घ्यावा. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली तर जवळपास तिची अंडी आहेत असं समजा. ती उघड्या जमिनीवर घालते, ढेकळांच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. त्या वाटेनं काही आठवडे जाऊ नका. कानात गाणी लावू नका. पक्ष्यांसाठी म्हणते तसंच मागून येणाऱ्या ट्रॅक्टरसाठीही.

आता मला मनापासून सांगायची गोष्ट. मऊ वाटेचं कौतुक झालं की कुणीतरी म्हणतंच, महानगरपालिकेनं इथं पेव्हर घालावेत, दिवे लावावेत, पावसाळ्यातही पळता येईल. कृपा करून या मागणीत सामील होऊ नका. जमीन मऊ आहे कारण तिच्यात चार महिने पाणी उभं राहतं. हे शिवार पाणी पोटात घेतं म्हणून तेवढं पाणी वस्तीत शिरत नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात घरांत पाणी आलेलं इथल्या लोकांना अजून आठवतं. भराव टाकून वाट उंच केली की पाण्याची दिशा बदलते आणि ते कुणाच्या तरी पिकात किंवा उंबऱ्यात जातं. त्यात कायद्याचा आधारही तोकडा. पाणथळ जागांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात भातखाचरं पाणथळ जागांमध्ये मोजली जातात, पण आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांमधून भातशेती वगळलेली आहे. म्हणजे आपल्या शिवाराला पाणथळ म्हणून या नियमांचं संरक्षण नाही. याच भागातल्या पिकत्या जमिनीतून आखलेल्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला इथल्या शेतकऱ्यांनी इतका विरोध का केला, हे शिवारात पळायला लागलात की समजायला सोपं जाईल. पिकती जमीन एकदा भरावाखाली गेली की ती परत मिळत नाही. आपल्याला पळायला वर्षातले चार महिने मिळतात, ते पुरे आहेत.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. उजाडल्यावरच निघा. गाडीवाटेनंच पळा, उभ्या मसुरातून आडवे जाऊ नका, मसुराचं रोप नाजूक असतं. रानात माणसं भेटतील, थांबून नमस्कार करा, कुणाचं रान आहे विचारा. आठवडाभरात ओळख होते, आणि मग कुठल्या वळणावर कुत्री आहेत, कुठं काल पाणी सोडलंय, हे तेच सांगतात. कुत्री अंगावर आली तर पळू नका, उभं राहून हळूहळू बाजूला सरका. बाईमाणसानं पहिले काही दिवस सोबत घेऊन जावं. मी अजूनही धुक्याच्या दिवसांत मैत्रिणीशिवाय जात नाही. बूट जाळीदार कापडाचे घ्या, दवानं भिजले तरी लवकर वाळतात. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, उन्हात ठेवू नका, तळव्याचा डिंक सुटतो.

वडगावात नेमक्या कुठल्या गल्लीत राहताय ते कळवलंत, तर तिथून शिवारात कुठं उतरायचं आणि नाल्यावरून पलीकडं कुठून जाता येतं, ते सांगते.