मावशी, माझा पगार कमी आहे की मीच रडतोय?

'मावशी, मी 25 वर्षांचा, निफाड तालुक्यातला. दीड वर्षापासून एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, राहतो दिल्लीत. शिक्षण आणि टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी) मिळून 80 लाख गेले. त्यातलं 60 लाख कर्ज, द्राक्षबाग तारण ठेवून. हातात महिन्याला 1 लाख 45 हजारांच्या आसपास येतात. हप्ता 82 हजार, खोलीभाडं 22 हजार. जानेवारीत धुक्यामुळे तीन तास कॉकपिटमध्ये बसून होतो, त्याचा एक रुपया मिळाला नाही. गावाला वाटतं मी पैशात लोळतो. बाबा म्हणाले, "यंदा तुझ्या पैशातून बागेचा मंडप नवा करू," आणि मी हो म्हणून बसलोय. ही पिळवणूक आहे की मीच रडतोय? – खिशाने जमिनीवर'

अरे, तू रडत नाहीयेस. पण पगार कमी आहे असंही मला वाटत नाही. तुझ्या वयाच्या पोराला आपल्या निफाडात 1 लाख 45 हजार म्हटले तर लोक चहाचा कप खाली ठेवतील. अडचण अशी की त्यातले 82 हजार तुझे कधी नव्हतेच. कंपनीला उडवता येणारा माणूस हवा होता आणि तो तयार करायचा खर्च तुझ्या बाबांच्या सातबाऱ्यावर चढला. ओझरला सुखोई लढाऊ विमानं बनतात, ती उडवणाऱ्यांना सरकार स्वतः शिकवतं, शिकताना विद्यावेतनही देतं. तुमच्याकडे मात्र शिकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे. अन्याय शोधायचाच तर इथे शोध. पगाराच्या चिठ्ठीत तो दिसणार नाही.

धुक्याचं म्हणशील तर तुमच्या पगाराचं मीटर विमानाच्या चाकांमागचे अडसर निघाल्यावर सुरू होतं आणि पुन्हा लागले की थांबतं. पहाटे तीनला गाडीत बसणं, ब्रीफिंग, धुकं उठायची वाट, हे सगळं त्याच्या बाहेर. ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. चार-पाच महिन्यांचा हिशेब मांड, पगाराला उड्डाणाच्या तासांनी न भागता घराबाहेरच्या तासांनी भाग. मग हिंजवडीत आयटीत असलेल्या एखाद्या दोस्ताशी तुलना कर, हवी तर.

या गोष्टीचं दुसरं टोक मला जास्त भिववतं. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यातली सहवैमानिक फार थोडं कमवायची. आईवडिलांकडे सिअ‍ॅटलला राहायची आणि आदल्या रात्री देश ओलांडून नेवार्कला ड्यूटीवर आली होती. ठपका पगारावर ठेवला गेला नाही, पण थकवा आणि तुटपुंजी कमाई यांची चर्चा खूप झाली. पुढे 2013 पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण 1500 तासांचा अनुभव लागू लागला. म्हणजे उंबरठा उंच झाला. पगार खऱ्या अर्थाने वाढले ते बऱ्याच वर्षांनी, वैमानिक मिळेनासे झाल्यावर. आपल्याकडे 200 तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो, म्हणून रांग लांब आहे आणि रांगेतल्या माणसाला भाव ठरवता येत नाही. व्यापारी बांधावर उभा असताना पिकलेली द्राक्षं घेऊन तुझे बाबा किती घासाघीस करू शकतात, आठव.

म्हणून चिडून राजीनामा देऊ नकोस. तुमची नोटीस सहा महिन्यांची असते, कंपनीशी ठरावीक वर्षं राहायचा बाँड असेल तो वेगळा. 1500 तास होऊन एटीपीएल, म्हणजे कप्तान व्हायला लागणारा परवाना, हातात आला की तुझं बोलणं लोक ऐकतील. तोवर खरड छाटणी, म्हणजे फळाआधी वेल तयार करायची छाटणी, चालू आहे असं समज. एप्रिलमध्ये बागेत फळ शोधणाऱ्याला बाबा काय म्हणतील, ते मी लिहीत नाही.

मधल्या काळात दोन कामं कर. बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का विचार. व्याजदर बदलता असेल तर पुढे जास्तीचे पैसे भरताना दंड लागत नाही. जुनी करप्रणाली घेतलीस आणि कर्ज तुझ्याही नावावर असेल, तर तू भरलेल्या व्याजावर शैक्षणिक कर्जाची करसवलत मिळू शकते. ती नव्या प्रणालीत नाही, तेव्हा दोन्हीकडचा कर काढून बघ. आणि परवाना गेला तर काय, याचा विमा आहे का? दरवर्षी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी असते. एका ईसीजीवर तुमची बाग टांगलेली आहे.

गावात फुकट तिकीट मागणारे काका असतीलच, त्यांची काळजी करू नकोस. त्यांना आमच्या नाशिकची मिसळ खाऊ घाल, तेवढ्यावर भागेल.

पण बाबांना मंडपाला हो म्हणालास, ते मला खटकलं. त्या माणसाने सोसायटीचं कर्ज, गारपीट, पडलेले भाव, सगळं पाहिलंय. हप्त्याचं गणित त्याला तुझ्याहून लवकर कळेल. तू मात्र गेले दीड वर्ष त्याला फक्त युनिफॉर्ममधले फोटो पाठवतोयस. सुट्टी काढ, पासबुक आणि पगाराची चिठ्ठी घेऊन घरी जा, ओट्यावर बस आणि दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेव. फक्त सप्टेंबरातच जा. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की ते कुणाचंच ऐकत नाहीत.

– मावशी