किट चांगलं आहे का, आणि ते ठरवायचं कसं?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. गनप्ला म्हणजे बांदाई कंपनीची गनडॅम रोबोंची प्लॅस्टिक किटं, आणि एचजी, आरजी, एमजी, पीजी हे त्यातले ग्रेड. पहिलं एचजी जोडून झालं, पॅनल लाइनचं (पृष्ठभागावरच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत भरायचं) इनॅमल लावलं आणि दुसऱ्या दिवशी घोट्याचा भाग तडकलेला दिसला, तर प्लॅस्टिक हलक्या दर्जाचं आहे का? परीक्षणं वाचावीत तर सगळीच 'जबरदस्त' म्हणतात, मग किट चांगलं की वाईट हे कळणार कसं? आणि पुढचं आरजी घ्यावं की एमजी? तडकण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे किटवर विनाकारण आळ येतोय.

पॅनल लाइनसाठी बाटलीत मिळतं ते इनॅमल म्हणजे थोडा रंग आणि बराचसा थिनर. ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की ते सरसर पळतं, बघायला मजा येते. पण खाच संपली म्हणून ते थांबत नाही, फटीतून सांध्याच्या आत शिरतं. आताच्या गनप्लात गोंद नसतो, भाग एकमेकांत दाबून बसवलेले असतात. खुंटी जिथे भोकात घट्ट बसली आहे तिथलं प्लॅस्टिक कायम ताणलेलं असतं आणि त्या ताणलेल्या जागी थिनर पोचला की तडा जातो. तसाच एखादा सुटा तुकडा, ज्यावर कसलाच ताण नाही, तो तेवढाच थिनर बहुतेक वेळा निमूट सोसतो. एबीएस जातीचं प्लॅस्टिक या बाबतीत सगळ्यात नाजूक, आणि पूर्वीच्या किटांत सांध्यांसाठी तेच सर्रास वापरलेलं आहे. प्रत्येक रनरच्या (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) कडेला ए, बी, सी अक्षराची एक पट्टी असते ना, तिच्यावर पीएस, एबीएस, पीई असं साहित्यही लिहिलेलं असतं. माहितीपुस्तिकेतही ती यादी असते. इनॅमल उघडण्याआधी ती वाचायची.

यावर उपाय सोपा आहे. भाग सुटे करून रेषा भरायच्या, जास्तीचं इनॅमल लगेच टिपायचं, पूर्ण वाळल्यावरच भाग जोडायचे. शक्य असेल तर आधी ग्लॉस टॉपकोटचा (चकचकीत पारदर्शक लेपाचा) थर मारायचा, म्हणजे थिनर प्लॅस्टिकपर्यंत सहजासहजी पोचत नाही, शिवाय रंगही खाचेतून छान पळतो. एबीएसच्या भागांना बारीक टोकाचा मार्कर पुरतो. तुमचा घोटा टाकून देऊ नका. तड्यात अगदी पातळ मॉडेल सिमेंटचा (प्लॅस्टिक वितळवून चिकटवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. टेपने आवळून एक दिवस ठेवा. परत बसवण्याआधी खुंटी सँडपेपरने किंचित उतरवा, नाहीतर तोच ताण पुन्हा येईल आणि तडा पुन्हा उघडेल.

आता मूळ मुद्दा. परीक्षणं सगळी 'जबरदस्त' असतात याचं कारण लिहिणारे बहुतेक वेळा किटचं नव्हे, जोडून झालेल्या मॉडेलचं, आणि त्यातही त्या पात्रावरच्या स्वतःच्या प्रेमाचं परीक्षण करत असतात. किटमध्ये काय होतं आणि जोडणाऱ्याने त्यात काय घातलं हे वेगळं काढल्याशिवाय मत देता येत नाही. रंगवून, सांध (दोन भाग जुळतात ती रेष) भरून, डेकल (पातळ चिकटचित्रं) लावून, मॅट टॉपकोट मारलेलं जुनं किट फोटोत देखणं दिसतं. तेच डब्यातून काढून नुसतं जोडलं तर कोपरापासून मनगटापर्यंत मधोमध सांध, अर्धे रंग स्टिकरचे आणि दंडाची आतली बाजू पोकळ. डब्यावरचे फोटोही पुष्कळदा रंगवलेल्या नमुन्याचे असतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका.

ग्रेड म्हणजे दर्जा हाही असाच एक गैरसमज. ग्रेड सांगतो प्रमाण आणि गुंतागुंत. एचजी आणि आरजी १/१४४, एमजी १/१००, पीजी १/६०. अठरा मीटरचा गनडॅम धरला तर डोक्यापर्यंत साधारण साडेबारा, अठरा आणि तीस सेंटिमीटर. दर्जा मात्र बराचसा साच्याच्या वर्षावर असतो. आरएक्स-७८-२ हा एकच रोबो घ्या. १९८० साली बांदाईने त्याचं पहिलं १/१४४ किट ३०० येनला काढलं, ते गोंदाने चिकटवायचं आणि रंग आपण द्यायचे. १९९० मध्ये एचजी आलं, २००१ मध्ये एचजीच्याच एचजीयूसी मालिकेत पुन्हा, २०१५ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती, आणि २०२० मध्ये एंट्री ग्रेड, ज्याचे भाग निपरशिवाय (कापायच्या पकडीशिवाय) हातानेच रनरवरून सुटतात आणि ज्यात एकही स्टिकर नाही, डोळेसुद्धा रंगीत प्लॅस्टिकचे. स्वस्तातलं, नवशिक्यांसाठी म्हणून काढलेलं ते एंट्री ग्रेड, २००१ च्या एचजीपेक्षा हालचालीत आणि रंगांत सरस आहे. एमजीचंही तसंच. १९९५ चं पहिलं, २००८ चं २.० आणि २०१३ चं ३.० ही तीन वेगवेगळी किटं समजायची, नाव एक असलं तरी. म्हणून परीक्षण वाचताना पहिला प्रश्न: साचा कधीचा? डबा नवा कोरा असू शकतो आणि आतला साचा वीस वर्षं जुना. पुष्कळ किटांत रनरच्या पट्टीवर वर्षही असतं.

म्हणजे जुनं ते टाकाऊ असं नाही. जुन्या साच्याला जुन्या मापाने मोजायचं, आणि आज पैसे देणाऱ्याला काय मिळेल तेही सांगायचं. दोन्ही वाक्यं परीक्षणात हवीत.

जोडतानाच मी बऱ्याच गोष्टी बघतो, कारण पूर्ण झाल्यावर त्या दिसत नाहीत. गेट, म्हणजे भाग रनरला जोडणारे बारीक दांडे, कुठे दिलेत? दिसणाऱ्या सपाट पृष्ठभागावर मधोमध गेट असेल तर तिथे डाग राहणारच. तेच गेट कडेखाली, दुसऱ्या भागाने झाकल्या जाणाऱ्या जागी असेल, तर आराखडा करणाऱ्याने आपला विचार केलेला आहे. सांध कुठे येते? चांगल्या किटात दोन भागांची सांध पॅनल लाइनमध्येच लपवतात किंवा तिला पायरी देतात, मग ती रेष मुद्दाम आखल्यासारखी वाटते. कमी चांगल्यात ती पोटरीच्या ऐन मध्यातून जाते. रायफल तर आजही बऱ्याच एचजीत सरळ दोन फाकांचीच असते, त्याबद्दल मी आता तक्रार करणं सोडलंय. आणि भाग बसताना हाताला काय लागतं? खुंटी शेवटपर्यंत जाऊन टक्कन बसते, की जोर काढावा लागतो, की सैल राहून बोट लागलं की निघते? फोटोवरून यातलं काही कळत नाही.

पूर्ण झाल्यावर कुठलीही झोकदार पोझ देण्याआधी त्याला सरळ उभं करा आणि हात लावू नका. कंबरेतून मागे झुकतं का? पाठीवरचं ओझं जड असेल तर घोटे आणि कंबर किती तग धरतात ते इथेच कळतं. मग पाय फाकवा. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. घोटा आतबाहेर पुरेसा कलत नसेल तर मॉडेल पावलांच्या कडांवर उभं राहतं आणि सगळी ऐट जाते. गुडघा टेकवून बसवून बघा. इथे बहुतेक एचजी अडतात आणि दोष गुडघ्याचा नसतो, कंबरेपुढच्या झडपांचा असतो. डावी-उजवी झडप एकाच दांडीने जोडलेली असते, एक उचलली की दुसरीही उचलते. ती दांडी मधोमध निपरने तोडली की दोन्ही स्वतंत्र हलतात. कित्येक किटांत ही जागा तोडता येईल अशीच दिलेली असते, पण माहितीपुस्तिका त्याचा उल्लेख करेलच असं नाही.

सगळ्यात जड शस्त्र एका हातात देऊन हात आडवा ताणा आणि मॉडेल तसंच शेल्फवर ठेवून विसरून जा. काही दिवसांनी खांदा कुठे आहे ते बघा, मगच सांध्यांबद्दल लिहा. जोडल्या जोडल्या सगळेच सांधे घट्ट वाटतात. शिवाय पंजा शस्त्र कसं धरतो ते बघा. तळव्यात खुंटी आणि मुठीला खाच असेल तर पकड टिकते; नुसत्या बोटांच्या भरवशावर असेल तर रायफल खाली मान घालते. किटमध्ये सात-आठ जोड्या पंजे आहेत याचं कौतुक मला फारसं नाही. शस्त्र घट्ट धरणारी एक जोडी पुरे.

रंगांबद्दल. पांढरा, निळा, लाल, पिवळा वेगवेगळ्या प्लॅस्टिकमध्ये देणं ही बांदाईची जुनी ताकद, एकाच रनरवर अनेक रंग ओततात. तरी काही ठिकाणी स्टिकर येतातच. डोळ्यांचा फॉइल स्टिकर मला चालतो, चकाकतो आणि खोबणीत लपतो. पण गोल नळीभोवती गुंडाळायचा किंवा तीन कडांवरून दुमडायचा स्टिकर ही किटची उणीव समजा, कारण तो कितीही नीट लावा, कोपरे वर येतातच. परीक्षणात 'रंग छान' लिहिण्यापेक्षा कुठले रंग प्लॅस्टिकचे, कुठले स्टिकरचे आणि कुठले मुळातच गायब, एवढं लिहा. वाचणाऱ्याला रंग विकत घ्यायचे की नाही ते त्यावरून ठरवता येतं.

इथपर्यंतचे गुण-दोष किटचे. यापुढचे आपले, आणि ते किटच्या खात्यावर टाकू नयेत. गडद भागावर पांढरट डाग पडला तर तो निपरचा. भाग रनरवरून आधी लांबून तोडायचा, मग साधारण एक मिलिमीटर गेट ठेवून दुसरा काप, उरलेलं धारदार पात्याने पातळ पातळ काढायचं आणि ४००, ६००, ८००, १००० असा सँडपेपर. एकाच फटक्यात भागालगत तोडलं की प्लॅस्टिक ताणून फाटतं, तोच तो पांढरा डाग. हलका असेल तर नखाने घासून बराच जातो. सँडपेपरचे उरलेसुरले ओरखडे मॅट टॉपकोटखाली मिटतात. फक्त पारदर्शक भाग आधी काढून ठेवा, त्यांच्यावर मॅट बसला की ते धुरकट होतात. आणि दमट हवेत स्प्रे मारू नका, थर पांढुरका होतो आणि दोष बिचाऱ्या स्प्रेच्या डब्याला मिळतो.

पाण्याचे डेकल लावलेत आणि कडेने चंदेरी झाक दिसतेय, असं तुम्ही फोटोखाली लिहिलंय. ती झाक म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा. खडबडीत पृष्ठभागावर डेकल पूर्ण टेकत नाही. म्हणून क्रम ठरलेला: ग्लॉस थर, डेकल, वर डेकल मऊ करणारं द्रावण, कापसाच्या काडीने मधून बाहेर लोळवत पाणी काढणं, वाळल्यावर मॅट. तुम्ही डेकल थेट खरवडलेल्या प्लॅस्टिकवर लावलेत. आता त्याच डेकलवर सुईने दोन-तीन बारीक टोचे मारून द्रावण सोडा, बरीचशी झाक बसेल.

सांध भरणं पहिल्या किटात नाही केलंत ते बरं केलंत. सिमेंट लावून दोन भाग दाबायचे, वितळलेलं प्लॅस्टिक रेषेतून किंचित बाहेर यायला हवं, मग निदान एक दिवस हात न लावता ठेवून घासायचं. अडचण अशी की आत पॉलिकॅप (सांध्यातला मऊ प्लॅस्टिकचा तुकडा) किंवा सांधा असतो, भाग एकदा चिकटले की तो बाहेर येत नाही आणि रंगवताना झाकावा लागतो. सांधा नंतर सरकवता यावा म्हणून आतली खोबण कापून उघडी करतात, पण ते काम निपर हाताला बसल्यावरच करा.

आरजी की एमजी? आरजी लहान प्रमाणात भरपूर तपशील देतं, पण भाग बारीक, डेकल-स्टिकर असंख्य, आणि २०१० पासूनच्या सुरुवातीच्या आरजीत आतला सांगाडा रनरवरच जोडून हलता आलेला असतो. बघायला जादू वाटते, पण पोझ बदलत राहिलात की तो सैल पडतो आणि शस्त्र पेलेनासा होतो. नंतरच्या वर्षांतली आरजी जास्त भक्कम आहेत. एमजीत आतला सांगाडा आपण स्वतः जोडतो, गुडघा वाकला की आतलं पिस्टन सरकतं ते कळतं, आणि भाग हातात मावतात. तुम्हाला सांधे, ताण, साहित्य यात रस आहे असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून माझं मत एमजी, आणि २०१० नंतरचा साचा. जागा कमी असेल तर अलीकडचं आरजी घ्या, पण ते उभं करून ठेवण्यासाठी, खेळण्यासाठी नव्हे.

घोटा चिकटवून झाला की मॉडेलचा मागून आणि बाजूने, साध्या उजेडात एकेक फोटो टाका. समोरून घेतलेल्या उड्या मारणाऱ्या पोझवरून सांध किंवा गेट दोन्ही कळत नाहीत.