स्टुटगार्टला सहकुटुंब येण्यापूर्वी: शनिवार-रविवारचा हिशेब

तुमचे पत्र काल रात्री मी आणि पत्नीने एकत्र बसून वाचले. नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यातून जर्मनीतील स्टुटगार्टला येण्याची संधी, बँकेतील नोकरी सोडावी लागणार असलेल्या तुमच्या पत्नी, एप्रिलमध्ये तिसरी पूर्ण करणारी मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि पंचवटीत राहणाऱ्या आई, हे सारे लिहून तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे: एका पगारात संसार सांभाळून दर शनिवार-रविवारी युरोप पाहता येतो का? आम्ही गंगापूर रोडवरून येथे आलो त्याला सात वर्षे झाली. त्या वेळी मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा जेमतेम एक. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

प्रवासाची सोय खरोखरच उत्तम आहे. स्टुटगार्टहून वेगवान गाडीने फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग साधारण सव्वा तासावर आणि पॅरिस तीन तासांहून थोडे अधिक अंतरावर आहे. म्हणजे नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला पोहोचेपर्यंत येथे माणूस दुसऱ्या देशाच्या राजधानीजवळ आलेला असतो. संपूर्ण जर्मनीतील लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांसाठी एकच मासिक तिकीट मिळते. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ युरो झाले आणि त्यानंतर ६३ युरोवर गेले. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे मुलाचा खर्च तुम्हाला तीन वर्षे तरी धरायला नको. मुलीसाठी मात्र प्रादेशिक गाड्यांत वेगळी सोय पाहावी लागेल.

असे असूनही पहिल्या वर्षी आम्ही जी चूक केली ती तुम्ही करू नये, असे मनापासून वाटते. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही जवळजवळ प्रत्येक शनिवारी पहाटे बाहेर पडत होतो. येथे रविवारी दुकाने बंद असतात, म्हणजे आठवड्याचा किराणा, भाजी आणि दूध शनिवारीच आणावे लागते. रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, त्यामुळे भिंतीला छिद्र पाडणे किंवा रिकाम्या बाटल्या काच गोळा करण्याच्या सार्वजनिक कुंडीत टाकणेसुद्धा चालत नाही. या भागातील अनेक इमारतींत जिना आणि समोरचा रस्ता झाडण्याची आठवड्याची पाळी भाडेकरूंवर असते आणि ती चुकली तर शेजारी लगेच विचारतात. धुणीभांड्याला बाई नाही, आजी-आजोबा नाहीत. आम्ही रविवारी रात्री दहाला परत येत होतो, घरात पीठ संपलेले असे आणि सोमवारी सकाळी मुलांच्या डब्यासाठी पावही नसे. मी कामावर जात होतो. त्या पसाऱ्याचा भार पत्नीवर पडत होता, आणि हे मला फार उशिरा कळले.

याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. सहली माझ्या हौसेच्या होत्या. मला आठवडाभर कार्यालयात माणसे भेटत होती, म्हणून सुटीत मला नवी गावे हवी होती. पत्नीने नाशिकला महाविद्यालयात नऊ वर्षे शिकवले होते; येथे ती सकाळी भाषेच्या वर्गाला जाऊन दुपारपासून लहान मुलाबरोबर एकटी असे, आणि तिला शनिवारी कोणाशी तरी घरी बसून बोलायचे असे. डिसेंबरात येथे सकाळी आठनंतर उजाडते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हा एकटेपणा दुप्पट होतो. म्हणून तुमच्या पत्नींच्या आठवड्याचा विचार आधी करा आणि शनिवार-रविवारचा नंतर. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारे निवासपत्र; ते असलेल्याच्या जोडीदाराला येथे कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते, ही चांगली बाजू आहे. परंतु बँकेच्या कामासाठी जर्मन भाषा वरच्या पातळीपर्यंत यावी लागते. भाषेच्या पातळ्या ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा चढत जातात; बी टू पातळी गाठायला दीड-दोन वर्षे लागतील असे धरा. त्यांनी नाशिकलाच शिकवणी सुरू केली आणि पहिल्या दोन पातळ्या पूर्ण करून आल्या, तर पहिला हिवाळा पुष्कळ सुसह्य होईल. तुम्हाला स्वतःलाही भाषेचा लाभ आहे: ब्लू कार्डावर कायमचा निवास बी वन पातळीसह २१ महिन्यांत आणि केवळ ए वन असेल तर २७ महिन्यांत मागता येतो.

मुलीच्या वयाकडे विशेष लक्ष द्यावे. या राज्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि चौथीतच पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचे हे ठरते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात, पण त्यांना वेळ लागतो. नवीन वर्ष सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते, म्हणून शक्य झाल्यास जून-जुलैतच यावे आणि तिला चौथीऐवजी तिसरीत पुन्हा बसवण्याबाबत शाळेशी आधी बोलावे. एक वर्ष गेले असे वाटून घेऊ नका. मुलाच्या बालवाडीसाठी नगरपालिकेकडे नाव लवकर नोंदवा. वयाच्या पहिल्या वर्षापासून जागेचा हक्क कायद्याने २०१३ पासून मिळालेला असला तरी जागा कमी आहेत. मार्च २०२० पासून शाळा आणि बालवाडीसाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे, तेव्हा दोन्ही मुलांच्या दोन्ही मात्रांची नोंद तारखांसह तुमच्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावी.

आता आम्ही महिन्यातून एकदाच रात्रीच्या मुक्कामाला जातो, एक दिवस जवळची सहल करतो आणि बाकीचे दोन आठवडे घरी राहतो. जवळ म्हणजे किती सुंदर ठिकाणे! उल्म प्रादेशिक गाडीने तासाभरावर आहे. तेथील चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच असून त्याच्या ७६८ पायऱ्या मुलीने दहाव्या वर्षी चढल्या आणि वर पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारला की सप्तशृंगीला किती पायऱ्या आहेत. ट्युबिंगनला नेकार नदीच्या काठी दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन बसले की दिवस निघून जातो. ऱ्हाईनचा धबधबा स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनजवळ आहे, उंचीने अवघा २३ मीटर पण रुंदीने दीडशे. सोमेश्वरचा पावसाळ्यातील धबधबा पाहिलेल्या माणसाला तेथे हटकून आपले गाव आठवते. स्टुटगार्ट शहरातही द्राक्षांचे मळे थेट डोंगरउतारावर आहेत. आपल्याकडे हंगाम जानेवारी ते मार्च, येथे सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या दिवसांत मळ्यांच्या कडेने चालत जाणे ही आमची सर्वांत आवडती आणि बिनखर्चाची सहल आहे.

सीमा ओलांडताना प्रत्येकाचा पासपोर्ट आणि निवासपत्र, मुलांचेसुद्धा, जवळ असलेच पाहिजे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. निवासपत्रावर शेंगेन देशांत, म्हणजे व्हिसाचा समान करार असलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांतील ९० दिवस हिंडता येते. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही, म्हणून तेथे फोनचे दर वेगळे लागू शकतात. भारतीय वाहन परवाना येथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देणे भाग आहे. पहिली दोन वर्षे मोटार घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

शाळेच्या सुट्या सोडून मुलांना प्रवासाला नेता येत नाही. शिक्षण सक्तीचे असल्याने सुटीच्या एक दिवस आधी विमानतळावर दिसलेल्या कुटुंबांना पोलिसांनी थांबवल्याचे प्रसंग घडतात आणि दंडही होतो. याचा परिणाम नाशिकच्या भेटीवर होतो. उन्हाळी सुटी जुलैच्या अखेरीपासून सहा आठवडे असते आणि तेव्हाच तिकिटे महाग असतात. माझ्या मुलांना नाशिक म्हणजे पाऊस, गोदावरीच्या पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आले की नाही याची चर्चा, एवढेच ठाऊक आहे. रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला हौद, त्यांनी कधी पाहिलेली नाही. याची मला खंत वाटते, आणि तुम्हालाही वाटेल.

आईंविषयी. पर्यटक व्हिसावर त्या ९० दिवस येऊ शकतात आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. १ मार्च २०२४ नंतर पहिले निवासपत्र मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आईवडिलांना कायमचे आणण्याची नवी तरतूद झाली आहे, पण उतारवयात येथील आरोग्यविमा मिळवणे ही खरी अडचण आहे. त्यांना मे-जूनमध्ये आणा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एरवी रविवारी सकाळी दहाला, म्हणजे हिवाळ्यात तुमच्या घरी दुपारी अडीचला, तासभर आजी आणि नातवंडे यांचे बोलणे व्हावे. आमच्या घरी ही वेळ कोणत्याही सहलीसाठी मोडली जात नाही, आणि मुलांचे मराठी टिकले ते प्रामुख्याने या तासामुळे, कारण आजीला दुसरी भाषा येत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही नाशिकला आहोत. तुम्ही दोघे घरी या. माझी पत्नी म्हणते की तुमच्या पत्नींशी तिला आपल्या दोघांच्या अनुपस्थितीत बोलायचे आहे, म्हणून त्या वेळी आपण मुलांना घेऊन सोमेश्वरला जाऊ.