पट्टी घासलेलं फरशीचं मशीन

प्रश्न : काका, कराडजवळ आमचं छोटं मंगल कार्यालय आहे. सासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या लिलावात गोल ब्रशचं, फरशी धुवायचं मशीन घेतलं होतं. ते माळ्यावरून काढलं. मोटर चालते, पण ब्रशचे केस पार झिजलेत. दुकानदार मॉडेल नंबर मागतो आणि मशीनवरच्या माहितीच्या पट्टीची अक्षरं घासून ‘१.५’ आणि ‘५०’ एवढंच दिसतं. खालचं टोपण मोजलं तर १८ इंच भरतं, आतली प्लेट १६. मग नेमकं माप कोणतं? आणि चालू केलं की मशीन मुलाला ओढत भिंतीवर नेतं, हा बिघाड आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मॉडेल नंबर मागणं ही दुकानदाराची सोय. नंबर नसला तरी तुमचं अडत नाही, कारण माप निम्मं तुम्हीच लिहून पाठवलंय. या मशीनचं माप पॅडवरून, म्हणजे ब्रशच्या जागी खाली लागणाऱ्या गोल घासणीवरून ठरतं. टोपण पॅडपेक्षा थोडं मोठं असतं आणि पॅड धरणारी प्लेट इंचभर लहान, म्हणजे पॅडची कड फरशीला लागते, प्लेटची नाही. १८चं टोपण, १६ची प्लेट, म्हणजे मशीन १७ इंची. दुकानात ‘सतरा इंची’ म्हणा किंवा ४३० मिलिमीटर म्हणा.

आता पट्टी. थिनर लावू नका, उरलेली अक्षरंही जातील. ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि वर खडूची भुकटी चोळून बोटाने हलकेच पुसा. ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत खडू बसतो. मग अंधारात बॅटरी बाजूने तिरकी धरून वाचा. ‘१.५’च्या पुढे एचपी निघेल असा माझा अंदाज आहे, आणि ५० म्हणजे सायकल (हर्ट्झ), आपल्याकडची वीज.

या ५०ने मला एकदा चांगलंच शिकवलंय. कोल्हापुरात उद्यमनगरात नवीन नवीन मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे तारा गुंडाळायच्या कामाला बसलो होतो, तेव्हा एका दवाखान्यातून असंच मशीन आलं. चपट्या पिनांचा प्लग होता. मी तो कापला, आपला लावला, बटण दाबलं. मिनिटभरात धूर! पट्टीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल असं स्वच्छ लिहिलं होतं, वाचलंही होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. अमेरिकन मशीन. त्यांच्या वायरीत काळी ही फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. तेव्हापासून जुन्या मशीनचा प्लग उघडला की मी आधी रंग बघतो. मशीन कुठलं आहे ते पट्टीआधी वायर सांगते. तुमचं २३०वर चालतंय, त्यामुळे ती भीती नाही.

राहिला वेग. दुकानदार विचारणार नाही, पण तुम्हाला कळायला हवा, कारण धुवायचं मशीन मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे घेतं आणि पॉलिशचं तीनशे-चारशे. पॉलिशच्या मशीनखाली पाणी ओतलंत तर भिंतीही धुऊन निघतील. वेग मोजायला मीटर नको. प्लग सॉकेटातून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मशीन हँडलवर मागे आडवं करा. मोटरच्या बाजूला कार्बनची दोन काळी टोपणं दिसतात का बघा. दिसली तर मोटर वेगळ्या जातीची, तिला ही युक्ती चालणार नाही. नसतील तर वरचं झाकण काढा, आत पंखा दिसेल. पंख्याच्या एका पात्याला आणि खाली प्लेटच्या कडेला खडूची खूण करा. मुलाला पंखा हाताने फिरवत मोजायला सांगा, तुम्ही प्लेटचे दहा फेरे मोजा. समजा पंख्याचे ८२ झाले, तर प्रमाण ८.२. अशा मशीनची मोटर बहुतेक चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) असते, ती ५० सायकलला १४४०च्या आसपास फिरते. १४४० भागिले ८.२ म्हणजे सुमारे १७५. झालं, धुवायचं मशीन. पंख्याचे चाळीसच भरले, तर मात्र पॉलिशचं.

दुकानात जाताना जुना ब्रश बरोबर न्या. त्याच्या पाठीवर मधोमध जी चकती आहे, फिरवून अडकणारी, ती जुळली पाहिजे. नाही जुळली तर ब्रश परत करू नका, जुनी चकती स्क्रू काढून नव्यावर बसवता येते. हॉलमध्ये मोझाइक असेल तर तेलकट डागाला हिरवं पॅड, रोजच्याला लाल. काळं पॅड जुनं मेण खरवडायला असतं, ते मोझाइकवर घालू नका. स्वयंपाकघरात शहाबादी असेल तर पॅडपेक्षा ब्रशच बरा, सांध्यातलं खरकटं पॅडला लागत नाही.

भिंतीकडे ओढतं हा बिघाड नाही, तो या मशीनचा स्वभाव आहे. बहुतेक मशिनींचा ब्रश वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. हँडल किंचित खाली दाबलं की मशीन डावीकडे जातं, किंचित उचललं की उजवीकडे. ढकलायचं नसतंच. मुलाला म्हणावं, हँडल कमरेपाशी धर आणि दोन बोटांएवढंच खालीवर कर. रिकाम्या हॉलमध्ये, खुर्च्या लावायच्या आधी.

वायरीची एक गोष्ट मात्र आजच करा. दीड एचपीची मोटर आठ-दहा अँपिअर ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. लग्नाच्या लायटिंगचं एक्स्टेंशन तिला लावू नका. १६ अँपिअरचा प्लग, अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर आणि त्यात अर्थिंगची तार खरंच बॉडीला जोडलेली. तुमची मुलं ओल्या फरशीवर उभी राहून लोखंडी हँडल धरणार आहेत, म्हणून त्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पाणी ओतू नका.

पंख्याचे फेरे किती भरले ते कळवा.